शेवटच्या दोघी : केनियातल्या ओल पेजेटाची ओळख



गणपतीच्या वेळी मंडळात तीन-चार जणांनी आम्हाला विचारले, "तुम्ही केनियाला जाऊन आलात ना? मग मसाई मारा कसे वाटले?" आम्ही माराला गेलोच नाही, असे सांगितल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव होता : आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता परत आलात? तेव्हाच ठरवले की आपण कुठे गेलो, का गेलो आणि तिथे नेमके काय चालते, हे एकदा नीट लिहून काढावे. लेख थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे दोन कुटुंबे, चार मोठे आणि तीन पोरे. मोठ्या चारांपैकी तिघे आयटीतले, त्यामुळे सहलीची एक्सेल शीट आधी तयार झाली आणि तिकिटे नंतर काढली. डिसेंबर २०२३ ची शाळेची सुट्टी होती. दुबईहून नैरोबी विमानाने साधारण पाच तास, घड्याळात फक्त एक तासाचा फरक, म्हणजे मुंबईला जाण्यापेक्षा फार काही वेगळे नाही. नैरोबीहून उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर नान्युकी नावाचे गाव लागते, आणि त्याच्या जवळच ओल पेजेटा. एका बाजूला माउंट केनिया, दुसऱ्या बाजूला अबरडेअरच्या डोंगररांगा आणि मध्ये हे पठार. विषुववृत्त ह्या जागेतूनच जाते, तरी पहाटे स्वेटर लागतो, कारण उंची महाबळेश्वरपेक्षाही जास्त आहे.

नान्युकीला विषुववृत्ताच्या पाटीजवळ एकजण भांड्यात पाणी घेऊन उभा असतो. रेषेच्या उत्तरेला पाणी एका दिशेने गरगरते, दक्षिणेला उलट दिशेने, असे तो "सिद्ध" करून दाखवतो. आम्हा इंजिनिअर मंडळींना राहवले नाही. एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसणे शक्य नाही, सगळी करामत पाणी ओतणाऱ्या हाताची आहे, हे आम्ही पोरांना समजावून सांगितले. पोरांनी ऐकून घेतले आणि त्या माणसालाच टाळ्या दिल्या. असो.

आता मुद्द्याचे. ओल पेजेटा हे नॅशनल पार्क नाही, ती "कॉन्झर्व्हन्सी" आहे. हा फरक आम्हालाही जाण्याआधी माहीत नव्हता. केनियात नॅशनल पार्क सरकारी असतात, ते केनया वाइल्डलाइफ सर्व्हिस चालवते, आणि त्यात गुरे चारायला बंदी असते. पण त्या देशातले जवळपास दोन तृतीयांश वन्यप्राणी पार्कच्या हद्दीबाहेर राहतात : कुणाच्या खासगी रानात, कुणाच्या सामाईक कुरणात. प्राणी सरकारच्या मालकीचे, जमीन मात्र दुसऱ्याची. शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे, म्हणजे जमीनमालकाला हत्ती आल्याचा फायदा काहीच नाही, तोटा मात्र भरपूर. मग त्याने हत्तीला का राहू द्यावे? ह्या प्रश्नाला केनियाने शोधलेले एक उत्तर म्हणजे कॉन्झर्व्हन्सी. जमिनीचा मालक, मग तो एक माणूस असो, संस्था असो वा अख्खा गाव, स्वतः ती जमीन वन्यजीवांसाठी राखतो आणि पर्यटनातून किंवा इतर मार्गाने तिचा खर्च काढतो. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने अशा जागांना रीतसर मान्यता दिली.

ओल पेजेटा सुमारे ९०,००० एकरांवर आहे, म्हणजे ३६० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या निम्म्याहून बरेच जास्त! इंग्रजांच्या काळात हा लॉर्ड डेलामेर यांचा गुरांचा मळा होता. पुढे मालक बदलत गेले. सौदीचे शस्त्रास्त्रांचे दलाल अदनान खाशोगी हेही त्यांपैकी एक. (आखाती मंडळींना हे नाव सांगायला नको.) १९८८ मध्ये मळ्याचा एक भाग काळ्या गेंड्यांसाठी राखून ठेवला. २००४ मध्ये फॉना अँड फ्लोरा इंटरनॅशनल ह्या ब्रिटिश संस्थेने देणगीच्या पैशातून ही सगळी जमीन विकत घेतली, आणि आता ती ना-नफा तत्त्वावर चालते.

केनियात १९७० च्या सुमारास काळे गेंडे वीस हजारांच्या घरात होते. वीस वर्षांत ते चारशेच्याही खाली आले. कारण एकच, शिंग. आपल्या नखांत आणि केसांत जे केराटिन असते तेच गेंड्याच्या शिंगात असते, पण पूर्व आशियाच्या काळ्या बाजारात त्याला औषध म्हणून आणि श्रीमंतीचा दिखावा म्हणून प्रचंड किंमत मिळते. १९९३ मध्ये इथे फक्त २० काळे गेंडे होते, त्यांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे. काळ्या गेंड्यांचे पूर्व आफ्रिकेतले सर्वात मोठे आश्रयस्थान आज हेच आहे.

काळा आणि पांढरा हा फरक रंगाचा नाही बरं का, दोन्ही राखाडीच दिसतात. फरक ओठाचा. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सपाट, तो लॉनमोअरसारखा गवत कापत जातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, त्याने तो झुडपाच्या फांद्या ओढून खातो. दोघांनाही दोन शिंगे, आपल्या काझीरंगातल्या गेंड्याला एकच. आणि प्रत्येक गेंड्याच्या कानाला खाचा पाडलेल्या असतात. खाच कुठल्या कानाला आणि कानाच्या कुठल्या जागी आहे, त्यावरून आकडा ठरतो आणि आकड्यांच्या बेरजेवरून गेंडा ओळखू येतो. हे कळल्यावर आमच्यातले तिघे आयटीवाले दुर्बीण लावून "प्रायमरी की" वाचायचा प्रयत्न करत बसले. एकही बरोबर आली नाही.

आमचा ड्रायव्हर-गाइड तिथल्याच भागातला, किकुयू समाजाचा. पोरे त्याला "काका" म्हणू लागली तसा तो खूश झाला, कारण स्वाहिलीत "काका" म्हणजे भाऊ! मग आमची धाकटी तिच्या भावाला "ए दादा" म्हणून हाक मारताना त्याने ऐकले आणि गाडी थांबवून हसला. "दादा" म्हणजे स्वाहिलीत बहीण. पुढचे चार दिवस त्या बिचाऱ्या पोराचे जे काय झाले ते विचारू नका. दुकानाला तिथे "दुका" म्हणतात, गाडीला "गारी", आणि दुपारच्या जेवणाला "डेंगू" आणि चपाती मिळाली. नावाने दचकू नका, डेंगू म्हणजे चक्क मूग! मुगाची उसळ आणि चपाती खाऊन आमच्यातल्या एका शाकाहारी सदस्याला गहिवरून आले.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी रुतली. त्या साली ऑक्टोबरपासून केनियात धो-धो पाऊस झाला होता, नोव्हेंबरात पूर आले होते, आणि ओल पेजेटाची जमीन म्हणजे अस्सल काळी माती. आपल्या परभणी-नांदेडकडे पावसात जी चिकटते ना, तीच. खाली उतरायला सक्त मनाई (का, ते सांगायला नको), म्हणून ट्रॅक्टर येईपर्यंत दीड तास आम्ही काचा लावून बसलो. पण त्या दीड तासात जे कळले ते अख्ख्या सफारीत कळले नसते.

गाडीच्या बाजूला काटेरी बाभळीसारखी झुडपे होती. काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढ्या पोकळ गाठी, गाठींना बारीक भोके. वारा आला की त्या भोकांतून शिट्टी वाजते. गाठींमध्ये मुंग्या राहतात. झाड मुंग्यांना घर आणि गोड रस देते, आणि हत्तीने फांदीला सोंड लावली की मुंग्या सोंडेत शिरून चावतात. एवढा मोठा हत्ती, पण मुंग्यांना वचकून ते झाड सोडून देतो. इथवर ऐकून पोरे खूश. पण मग गाइडने सांगितले की आता बाहेरून दुसऱ्या जातीच्या, मोठ्या डोक्याच्या मुंग्या आल्या आहेत. त्या ह्या राखणदार मुंग्यांना मारून टाकतात आणि झाडाची राखण काही करत नाहीत. मग हत्ती येऊन झाडे मोडतात.

आम्हाला वाटले, सांगोवांगीची गोष्ट असेल. पण घरी परतल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, "सायन्स" ह्या नियतकालिकात ओल पेजेटाच्याच अभ्यासावर शोधनिबंध आला. परक्या मुंग्या पसरलेल्या भागात हत्ती पाच ते सात पट जास्त झाडे मोडतात. झाडे गेली की रान उघडे पडते. उघड्या रानात झेब्राला सिंह लांबून दिसतो, त्यामुळे सिंहाला दबा धरता येत नाही. २००३ मध्ये सिंहांच्या शिकारीत झेब्रे ६७ टक्के होते, २०२० मध्ये ४२ टक्क्यांवर आले. त्याऐवजी सिंह रानरेडे मारू लागले, ते शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेले. मुंगीने सिंहाचा मेनू बदलला! प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. कोपऱ्यातली एक लायब्ररी बदलते आणि तिसऱ्याच ठिकाणी काहीतरी मोडते. फक्त इथे जुने व्हर्जन परत टाकता येत नाही.

आता माणसांकडे येऊ, कारण खरा गुंता तिथेच आहे. आमच्या गाइडच्या मामांची शेती कुंपणाला लागून आहे, मका आणि बटाटा. कुंपण धड नव्हते तेव्हा रात्र-रात्र डबे बडवत हत्तींना हाकलावे लागे, असे तो म्हणाला. हे ऐकताना आम्हाला ताडोबाच्या आजूबाजूची, रात्री मचाणावर जागणारी शेतकरी मंडळी आठवली. म्हणून ओल पेजेटाभोवती विजेचे कुंपण आहे. पण सगळीकडून बंद केले तर ते मोठे प्राणिसंग्रहालयच होईल, हत्तींना तर मैलोन्मैल फिरायचे असते. म्हणून उत्तरेकडे कुंपणात मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. त्या फटींत गुडघ्याएवढे खांब जवळजवळ रोवले आहेत. हत्ती पाय उचलून ओलांडतो, झेब्रा आणि हरणे मधून निघून जातात, पण गेंड्याचे शरीर जड आणि जमिनीलगत, त्याला ते जमत नाही. म्हणजे बाकी सगळे ये-जा करतात आणि गेंडा तेवढा पहाऱ्याच्या आत राहतो. ना वीज, ना सॉफ्टवेअर, नुसते खांब! आम्ही इतकी वर्षे फायरवॉलचे नियम लिहीत आलो, पण इतका सुटसुटीत नियम कधी लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट गुरांची. सिंह असलेल्या रानात हजारो गायी चरताना बघून आम्ही आधी चक्रावलोच. बोरान नावाची वशिंडाची जात आहे, लांबून आपली खिलार वाटावी. संध्याकाळी ही गुरे लोखंडी चौकटींच्या गोल कोंडवाड्यात घालतात, त्याला "बोमा" म्हणतात. चौकटी सुट्या असल्याने बोमा काही दिवसांनी उचलून दुसरीकडे नेतात. जिथे बोमा होता तिथे शेणा-मूताने जमीन सुपीक होते, कोवळे गवत येते आणि हरणे, झेब्रे तिथे गोळा होतात. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरे बसवतात, शेतकरी त्यासाठी त्यांना धान्य देतो, तोच हा हिशेब. शिवाय गुरांना गोचिडाचे औषध मारलेले असल्याने रानातले गोचीड त्यांच्या अंगावर चढून मरतात. आणि मुख्य म्हणजे मांसाच्या विक्रीतून पैसा येतो. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटक थांबले तेव्हा फक्त तिकिटांवर विसंबलेल्या कित्येक जागांचे हाल झाले. ओल पेजेटाला निदान हा दुसरा पाय होता.

उरलेल्या पैशातून शेजारच्या गावांतल्या शाळा, शिष्यवृत्त्या, दवाखाने आणि पाण्याच्या सोयी ह्यांवर खर्च होतो. आमचा गाइड अशाच शिष्यवृत्तीवर शिकलेला. रेंजर, गुराखी आणि स्वयंपाकी बहुतेक जवळपासच्या गावांतले. हे सगळे बघून बरे वाटले. पण सगळे आलबेल आहे असेही नाही, आणि ते न लिहिणे बरोबर होणार नाही. ह्या भागातली पुष्कळ जमीन इंग्रजांनी मसाई गुराख्यांना हटवून घेतली होती. आजही मोठमोठी राने मोजक्या मालकांकडे आहेत, आणि कुंपणाबाहेरच्या गुराख्याची गाय दुष्काळात मरते तेव्हा त्याला आतले हिरवे गवत दिसत असते. २०१७ मध्ये लायकिपियात दुष्काळ आणि निवडणूक एकदम आली, तेव्हा हजारो गुरे खासगी मळ्यांत घुसली, गोळीबार झाला, माणसे मेली. आम्ही गाइडला सरळच विचारले, "तुला काय वाटते? ही जमीन कुणाची?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या मामांना विचाराल तर एक उत्तर मिळेल, माझ्या मुलीच्या शाळेत विचाराल तर दुसरे." आम्ही पुढे काही विचारले नाही.

आता ज्यांच्यासाठी आम्ही मारा सोडून इथे आलो, त्या दोघी. नाजिन आणि फातू.

उत्तरी पांढरा गेंडा ही पांढऱ्या गेंड्याची एक उपजात. १९६० च्या सुमारास युगांडा, सुदान, काँगो ह्या पट्ट्यात असे दोनेक हजार गेंडे होते. शिंगांच्या व्यापाराने आणि यादवी युद्धांनी ते संपले. डिसेंबर २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयातून चार गेंडे इथे आणले : सुदान आणि सुनी हे नर, नाजिन आणि फातू ह्या माद्या. मोकळ्या आफ्रिकन रानात तरी पिल्ले होतील, ही आशा. झाली नाहीत. सुनी २०१४ मध्ये गेला. १९ मार्च २०१८ रोजी ४५ वर्षांच्या सुदानला म्हातारपणाच्या दुखण्यांमुळे शांतपणे मरण द्यावे लागले. जगातला शेवटचा उत्तरी नर गेला.

आम्ही गेलो तेव्हा त्या दोघी सातशे एकरांच्या वेगळ्या कुंपणात चरत होत्या. सशस्त्र पहारा, शिंगे कापून बोथट केलेली. राखणदाराने गाजरांची बादली वाजवली तशा त्या डुलत-डुलत आल्या. इतक्या जवळ की श्वास ऐकू येत होता.

"ह्या बहिणी आहेत का?" धाकटीने विचारले.

"नाही गं, आई आणि मुलगी. नाजिन आई, फातू तिची मुलगी."

"मग आजोबा?"

सुदान हा नाजिनचा बाप. येताना एका झाडाखाली ओळीने दगड दिसले होते, मारल्या गेलेल्या गेंड्यांच्या आठवणीचे. त्यात सुदानचाही दगड आहे. तिकडे बोट दाखवले. तिने पुढे विचारले, "आणि बाकीचे सगळे?" आम्ही चौघेही मोठे एकमेकांकडे बघू लागलो. शेवटी राखणदारानेच, प्रश्न न कळताही, दोन बोटे वर केली.

ह्या दोघींनाही स्वतः पिल्लू होऊ शकत नाही. नाजिनचे मागचे पाय अधू, फातूच्या गर्भाशयात दोष. म्हणून बायोरेस्क्यू नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०१९ पासून भूल देऊन बीजांडे काढतो. २०२१ मध्ये वय आणि तब्येत पाहून नाजिनला ह्यातून निवृत्त केले, तेव्हापासून सगळी भिस्त एकट्या फातूवर. बीजांडे विमानाने इटलीत क्रेमोनाला जातात, तिथे मेलेल्या नरांच्या गोठवून ठेवलेल्या वीर्याने गर्भ तयार होतो, आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला जातो. असे तीसहून जास्त गर्भ साठवलेले आहेत. वाढवायचे कुणाच्या पोटात? तर दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या. ती जवळची नातलग, आणि तिची संख्या हजारोंत आहे.

आणि इथे एक गोष्ट आम्हाला आजही अस्वस्थ करते. सप्टेंबर २०२३ मध्ये ओल पेजेटातच कुर्रा नावाच्या दक्षिणी मादीच्या पोटात, चाचणी म्हणून, दक्षिणीच गर्भ सोडला होता. नोव्हेंबरच्या त्या पुरामुळे जमिनीत दबलेले जिवाणू वर आले आणि कुर्रा मेली. शवविच्छेदनात ७० दिवसांचा, ६.४ सेंटिमीटरचा नर गर्भ सापडला, व्यवस्थित वाढत असलेला. म्हणजे पद्धत चालते! जगात गेंड्याची टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेली ती पहिली यशस्वी गर्भधारणा होती. ही बातमी जाहीर झाली २४ जानेवारी २०२४ ला. आम्ही डिसेंबरात चिखलात रुतून त्या पावसाला शिव्या घालत होतो, तेव्हा कुर्राला जाऊन जेमतेम महिना झाला होता. आम्हाला कुणी काही बोलले नाही. गाजराची बादली घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला सगळे माहीत असणार, असे आता राहून-राहून वाटते. त्यानंतर तिथल्या गेंड्यांना लस टोचली गेली.

उत्तरी पिल्लासाठी घाई का, तर गेंडीण जवळपास सोळा महिने गाभण असते, आणि पिल्लू जन्मले तर त्याला "उत्तरी" म्हणून वागायला शिकवणाऱ्या जगात ह्या दोघीच. नाजिनचा जन्म १९८९ चा. एका सगळ्या जातीचे भवितव्य आई-मुलीच्या तब्येतीवर टांगलेले. एवढा पैसा ह्या दोघींवर घालण्यापेक्षा उरलेल्या काळ्या गेंड्यांवर घालावा, असेही काही तज्ज्ञ म्हणतात. आमच्यातही ह्यावर परतीच्या विमानात पाच तास वाद झाला, निकाल लागला नाही.

चिंपांझींचे आश्रयस्थानही आत आहे. ते मूळचे केनियाचे नाहीत, बुरुंडीतल्या युद्धामुळे १९९३ मध्ये इथे आणले गेले. वेळ असेल तर जरूर बघा, आम्ही पाऊस आल्यामुळे अर्ध्यातून परतलो.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. भारतीय पासपोर्टवर आता व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए लागतो, तो आधी काढा. सर्वात महत्त्वाचे : केनियाहून पुढे भारतात जाणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचा दाखला जवळ हवाच, आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आमच्यातले एकजण दहाव्याच दिवशी पोचले, थोडक्यात वाचले. प्रवेश फी दरवर्षी बदलते, दोघींना भेटायचे पैसे वेगळे आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आधी नोंदवा. राहायला महागड्या तंबूंपासून साध्या खोल्यांपर्यंत सगळे आहे. आम्ही साध्या खोल्यांत राहिलो, गरम पाणी होते, तक्रार नाही. पावसाळ्यात जाऊ नका, आणि गेलात तर फोर बाय फोरच घ्या.

मुलांनी काढलेले फोटो पेन ड्राइव्हवर टाकले आहेत. पुढच्या महिन्याच्या सहभोजनाला घेऊन येतो, ज्यांना हवे त्यांनी कॉपी करून घ्यावेत. कानाच्या खाचा कुणाला वाचता आल्या तर आम्हालाही शिकवा.